भाईंदर ऑफिसचा वाढता नफा

ऑफिस बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण किस्से काही संपत नाहीत राव! जुनं कोणी भेटलं की चहा गार होतो आणि घरून फोन येतात, "कुठे आहात?"

भाईंदर पूर्वेला, मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. आमचे कॉम्प्युटर गिऱ्हाइकांना भाड्याने द्यायचे, त्यांनी ते आपल्या जागेवरून इंटरनेटने वापरायचे. याला क्लाउड म्हणतात, हे आम्हाला हेडऑफिसने फार उशिरा कळवलं! नाईकसर, मी आणि उत्तनच्या कोळीवाड्यातली मार्था. मार्थाचे वडील अंथरुणाला खिळलेले. बोलावणं आलं की तासाभरात घर गाठता येईल, अशी तिला ही एकच नोकरी होती.

हेडऑफिस म्हणालं, "नफा वाढवून दाखवा, भाईंदरचं ऑफिस कायमचं पक्कं करू." झालं! आम्ही कंबर कसली.

*

निम्मी मशीनं नुसती वीज खात बसायची. मार्था म्हणाली, "सर, आमच्यात दोन घरांचे बोंबील एका दांडीवर वाळतात. एका मशीनवर चार गिऱ्हाइकं का न्हाय?"

महिनाभर डोकं खाजवून मी ते जमवलं; जागा मिळेल तसं एकेकाचं काम दोन मशीनांवरही वाटलं. बिल उतरलं, नफा चढला.

*

आमचे एक भांडीवाले शेठ दर दसऱ्याला आपल्या मशीनला हार घालायला यायचे. त्या वर्षी विचारलं, "मेरा मशीन कौनसा?"

मार्था थंडपणे म्हणाली, "सेठजी, आधा ये, आधा वो."

शेठनी माणूस पाठवून दुसरा हार मागवला!

*

ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणजे काय, ते नाईकसरांनी फळ्यावर समजावलं. "भाडं, वीज, तुमचे पगार, सगळं वजा करून धंद्यातून उरतं ते."

"म्हणजे आपण वजा झालो की साहेब खूश?" मार्थाने विचारलं.

सर फळा पुसायला लागले.

*

आता मी बंगळुरूत असतो. ऑफिस चकाचक, कॉफी फुकट. पण खरं सांगतो, त्या वरच्या मजल्याची फार आठवण येते. मार्थाची तर रोज.

*

नफा सलग दोन वर्षं वाढला. मग हेडऑफिसच्या साहेबांचा स्पीकरफोनवर फोन आला. अभिनंदन! एवढा फायद्याचा धंदा आता बंगळुरूहून मोठ्या प्रमाणावर चालवणार, भाईंदर बंद. ज्यांना यायचंय त्यांनी यावं.

"एनी क्वेश्चन्स?"

मार्था फोनजवळ वाकली. "सर, नफा वाढला नसता, तर आम्ही हितंच राहिलो असतो काय?"

साहेब मोकळेपणाने हसले. "ऑफ कोर्स! मग तुमच्याकडे लक्षच कोणाचं गेलं असतं?"

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मार्थानेसुद्धा!