चौथा सायलेन्सर

“नाही, खाली किंचित खरखर आहे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मिस्त्रींना इंजिन बंद करायला सांगितलं. बाबांच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला नवा सायलेन्सर बसवायचा होता. सकाळपासूनचा हा तिसरा.

मिस्त्री घाम पुसत हसले. “साहेब, लग्न ठरवताना तरी एवढं पारखलं होतं का?”

“तेव्हा आवाज कुणी ऐकवला होता?” बाबा म्हणाले आणि दोघंही मनापासून हसले.

चौथा लागला. बाबा मागच्या बंपरजवळ उकिडवे बसले, डोळे मिटले आणि मी बोलू नये म्हणून त्यांनी हात वर केला. मी तशीही बोलत नव्हते. इतकं मन लावून त्यांनी घरातल्या कुणाचं ऐकलेलं मला आठवत नाही. लोखंडी नळीतला बारीक फरक त्यांना कळतो. मग घरी आल्यावर हा कान कुठे जातो? आई कितीतरी दिवस घोगऱ्या आवाजात जेवायला हाक मारते आणि ते टीव्ही मोठा करतात. “त्यांना उगाच सांगू नकोस,” असं तिने मला बजावलंय. मलाही गप्प राहणं सोपं जातं. मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

“वा! एकदम स्वच्छ,” बाबा उठत म्हणाले. “ऐकलास ना आवाज?”

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. आज माझं वाक्य तयार होतं.

“आईचा आवाज दोन महिने बसलाय, बाबा. तो तुम्ही ऐकलात?”