नावापुढचा क्रॉस

मला अजूनही राग येतो. इतकी वर्षं झाली, तो फोरम केव्हाच बंद पडला, पण आठवण निघाली की डोकं तापतंच.

तेव्हा आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहत होतो. नवरा सकाळची गाडी पकडून न्यूयॉर्कला ऑफिसला जायचा आणि मी नागपूरची इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन घरात बसायचे, कारण माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर बोलायला माणूस नाही. अशात मला इंटरनेटवर एक फोरम सापडला. ख्रिश्चन आणि नास्तिक तिथे देव आहे की नाही यावर रोज भांडायचे. मी कॉलेजपासून पक्की नास्तिक, त्यात भांडायची हौस दांडगी. मी तिथे मुक्कामच ठोकला.

त्या फोरमवर प्रत्येकाच्या नावापुढे एक चिन्ह असायचं. ख्रिश्चनांना क्रॉस, आम्हा नास्तिकांना वेगळं, बाकीच्यांना आपापलं. एकदा मी बोलण्याच्या ओघात लिहिलं की आमच्याकडे गणपती बसतो, नवरा आरती करतो आणि मोदक मी करते. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या नावापुढे ॐ! फोरमवर देखरेख करणाऱ्या मॉडरेटरने परस्पर बदलून टाकलं होतं. भारतातली बाई, घरात गणपती, म्हणजे हिंदू, विषय संपला. मला विचारायचीही गरज वाटली नाही त्याला. मी भडकून लिहिलं, तर माझ्याच बाजूचे नास्तिक मला शिकवायला लागले की खऱ्या नास्तिकाच्या घरात मूर्ती नसते. मग काय करू, नवऱ्याला घराबाहेर काढू?

त्या भांडणात माझ्या बाजूने एकच बाई उभी राहिली, आणि ती ख्रिश्चन होती. ओहायोतली, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिने मॉडरेटरला सरळ लिहिलं, "ती म्हणते ती नास्तिक आहे, तर आहे. तिच्या मनात काय आहे ते तुम्ही कोण ठरवणार?" माझं चिन्ह मला परत मिळालं.

पुढची तीन वर्षं आम्ही दोघींनी जवळजवळ रोज वाद घातला. मी नरकात जाणार असं तिला खरंच वाटायचं, आणि ती तसं लिहायची, अगदी जीव तुटून लिहायची. तुम्ही आयुष्यभर रिकाम्या खोलीशी बोलत आलात, असं मी तिला लिहायचे. दोघीही हट्टी. पण तिने माझं वाक्य कधी तोडूनमोडून वापरलं नाही आणि मी तिचं वापरलं नाही. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणायला लागले होते. हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.

मग तिला कॅन्सर झाला. ती हॉस्पिटलमध्ये, जवळ कॉम्प्युटर नाही. फोरमच्या प्रार्थना विभागात तिच्यासाठी एक थ्रेड, म्हणजे संदेशांची साखळी, सुरू झाला. मॉडरेटर तो रोज तिच्या मुलीला ईमेल करायचा आणि मुलगी छापून नेऊन तिला वाचून दाखवायची. आणि त्या विभागात लिहायची मुभा फक्त क्रॉसवाल्यांना!

मी मॉडरेटरला विनवलं. वाद घालणार नाही, चार ओळी लिहू द्या. त्याचं उत्तर आलं, "नियम सगळ्यांना सारखा. चिन्ह बदला, लगेच लिहिता येईल. कदाचित या वाटेने प्रभूच तुम्हाला बोलावत असेल." तिकडे ती बाई मरणाच्या दारात आणि याला मासा गळाला लावायचं सुचत होतं!

आमचे नास्तिक तरी बरे असतील म्हणावं, तर तेही नाही. एकाने लगेच नवीन थ्रेड काढला, 'बघा यांचं प्रेम'. सगळ्यांनी हात धुऊन घेतले. पानंच्या पानं टोमणे, पण ती कशी आहे हे एकानेही विचारलं नाही.

"क्लिक कर ना यार," नवरा म्हणाला. "तू मानतच नाहीस, तर कुठलंही चिन्ह लाव. तुला काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हटलं. "आणि तिलाही पडेल."

शेवटी क्रॉसवाल्यांपैकीच एका बाईने मला मेसेज केला. तुमचा मजकूर मला पाठवा, मी माझ्या नावाने तिथे टाकते, खाली तुमचं नाव लिहिते. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी लिहिलं: 'तुमच्याइतकं नीट माझं ऐकून घेणारं मला या देशात कुणी भेटलं नाही. मी प्रार्थना करत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण रोज तुमची आठवण काढते. लवकर बऱ्या व्हा, अजून खूप भांडायचंय.'

दुसऱ्या दिवशी थ्रेड उघडला. मी प्रार्थना करत नाही, हे माझं वाक्य गायब होतं. आणि शेवटी एक नवीन ओळ होती: 'तुमच्यामुळे आता मीही प्रार्थना करू लागले आहे.' खाली माझं नाव.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या बाईला जाब विचारला. तिने शांतपणे उत्तर दिलं, "मरणाऱ्या माणसाला थोडा आनंद झाला, तर तुमचं काय बिघडलं?" मॉडरेटर म्हणाला, ईमेल तर गेली, आता काय करणार. मुलीचा पत्ता मागितला, तर म्हणे खाजगी माहिती देता येत नाही. माझ्या तोंडात खोटं घालताना यांना नियम आडवा आला नव्हता.

काही दिवसांनी मावशीच्या अकाउंटवरून मला मेसेज आला. तिच्या मुलीने लिहिला होता. आई गेली. शेवटच्या दिवसांत तुमचंच पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. शेवटची ओळ ऐकून खूप रडली आणि म्हणाली, आता मी निवांत जाते. चर्चमध्ये तिच्या प्रार्थनासभेत हे पत्र वाचलं तर चालेल का?

"हो म्हणून टाक," नवरा मागे उभा राहून म्हणाला. "गेली ना बिचारी. आता कशाला त्या मुलीला त्रास?"

मी लिहिलं, जरूर वाचा, पण शेवटची ओळ सोडून. ती माझी नाही. माझं एक वाक्य काढून ती दुसऱ्या कुणीतरी घातली आहे. मग पाठवून दिलं. त्या मुलीचं उत्तर कधीच आलं नाही.

तिला माझा किती राग आला असेल याची मला कल्पना आहे. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच लिहीन. जिच्याशी मी एकदाही खोटं बोलले नाही, तिने माझं म्हणून ऐकलेलं शेवटचं वाक्य खोटं होतं. आणि ती निवांत गेली, ती त्याच वाक्यावर.