पास्त्याला दुसरा हात

माझा धाकटा साडू रंगारी आहे. भिंती रंगवतो, दारं रंगवतो, आणि कुणी थांबवलं नाही तर बोलता बोलता समोरच्या माणसालाही ब्रश लावून जातो. त्याच्या भुवईवर कायम कुठल्या ना कुठल्या घराचा रंग असतो. सध्या त्याचं काम कुणाकडे चालू आहे, हे आम्ही त्याच्या भुवईवरून ओळखतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या कानाच्या पाळीवर एक आकाशी ठिपका आहे, आणि त्याची बायको घरी आलेल्या प्रत्येकाला तो ठिपका बोट ठेवून दाखवते.

जगातल्या कुठल्याही गोष्टीला दोन हात द्यावे लागतात, असा त्याचा सिद्धांत आहे. रंगाचा पहिला हात भिंत पिऊन टाकते, दुसरा हात दिसतो. यावर तो इतका ठाम आहे की बूट दोनदा पुसतो, दाराला कुलूप दोनदा लावतो आणि निघताना "येतो, येतो" असं दोनदा म्हणूनही जागचा हलत नाही. घरात सगळे त्याला 'दोनहाते' म्हणतात. त्यालाही ते नाव आवडतं.

दर उन्हाळ्यात आमच्या घरी 'जाळी' असते. म्हणजे थोरल्या बहिणीच्या अंगणात कोळशावर लोखंडी जाळी ठेवायची, तिच्यावर कोंबडी, कणसं, मिरच्या जे काही सापडेल ते भाजायचं आणि दुपारभर खात बसायचं. थोरली बहीण म्हणजे आमच्या बायकांची अक्का. नात्याने आमची आकडसासू. हा शब्द ज्याने बनवला त्याने आमच्या अक्काला पाहिलेलं असणार. जाळीच्या दिवशी कुणी काय करायचं ते अक्का ठरवते. तिचा नवरा, म्हणजे आमचे थोरले साडू, कोळशापाशी उभे राहतात. वर्षातून त्या एका दिवशी घराची सत्ता त्यांच्या हाती येते, पण धुरामुळे ती कुणाला दिसत नाही. माझ्याकडे बर्फ. दोनहात्याकडे खुर्च्या.

"तुमच्याकडे व्हॅन आहे ना जावईबापू? मग खुर्च्या तुम्ही आणा," असं अक्का लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली होती. तेव्हापासून तो बिचारा जवळच्या सभागृहातून घडीच्या खुर्च्या आणतो, मांडतो, पुसतो (दोनदा) आणि परत नेऊन देतो. बर्फ आणणं हे काही फार थोर काम नव्हे, पण खुर्च्यांपेक्षा एक पायरी वर, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी त्याने कुणाचं तरी स्वयंपाकघर रंगवलं. त्या बाईंनी त्याला दुपारी वाडगाभर थंडगार पास्ता सॅलड खायला दिलं. झालं! त्या दिवसापासून हा माणूस पछाडला. जाळीला आल्यावर खुर्ची उलगडता उलगडता म्हणाला, "अक्का, पुढच्या वर्षी पास्ता सॅलड मी करणार."

अक्का इतकी हसली की हातातला चिमटा पडला. "जावईबापू, पास्ता खायचा असतो. त्याला रंग नसतो द्यायचा."

"एकदा करून तर बघू दे."

"करा की! पण मी बटाट्याचं सॅलड फ्रीजमध्ये तयार ठेवणार. आपण जेवायला बसू तेव्हा तुमचं भांडं टेबलावर नसलं, किंवा असूनही कुणी त्याला हात लावला नाही, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. जन्मभर खुर्च्या."

"कबूल. कबूल," दोनहाते म्हणाला.

यंदा जाळीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघराच्या दारात थबकलोच. फरशीवर जुन्या चादरी अंथरलेल्या. ओट्याच्या कडेला, नळाभोवती, गॅसच्या बटणांवर निळी चिकटपट्टी. मधोमध हा, कामाची टोपी घालून, पातेल्यात डोकावत उभा.

"बघा भाऊजी," त्याची बायको म्हणाली. ती कोपऱ्यात स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. "इतकी वर्षं मी या ओट्यावर स्वयंपाक करतेय. कधी पट्टी चिकटवावी लागली नाही. आता मला पाणी प्यायचंय, तर म्हणतात थांब, पट्टी वाळू दे."

"पट्टी वाळत नसते गं, बसते," तो न वळता म्हणाला. "दादा, इकडे या. हे बघा काय आहे!"

पास्ता मळसूत्री होता, स्क्रूसारखे आटे असलेला. "मुद्दाम घेतला," तो म्हणाला. "गुळगुळीत घेतला असता तर सगळं ओघळून खाली. खरबरीत पृष्ठभाग पाहिजे. धरून ठेवतो." पाणी खळखळत होतं. त्याने एक स्क्रू बाहेर काढला, फुंकर मारली, चावला, डोळे मिटले आणि एकदम ओरडला, "उतरवा!" मी घाबरून पातेलं उतरवलं. जणू मी त्या घरात त्यासाठीच जन्मलो होतो.

मग निघाली चटणी. बेझिल, पुदिना, लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि थोडं दही असं सगळं मिक्सरमधून काढलेलं. फिकट हिरवी, इतकी देखणी की क्षणभर मलाही ती एखाद्या भिंतीवर बघावीशी वाटली. वाफाळत्या पास्त्यावर त्याने अर्धी चटणी ओतली आणि खालून वर, खालून वर अशी हलवली. लसणाचा वास असा उसळला की शेजारच्या खिडकीत कुणीतरी आलं.

"हा पहिला हात," तो म्हणाला. "हा रात्रभरात पिऊन टाकणार. उरलेली चटणी उद्या, वाढायच्या तोंडावर. टोमॅटो, काकडी, भाजलेली ढोबळी मिरची, चीज, सगळं तेव्हाच. तोच दुसरा हात!"

"आणि आज खाल्लं तर?" मी आशेने विचारलं.

"ओल्या भिंतीला बोट लावणाऱ्यातले दिसता तुम्ही."

उरलेली चटणी त्याने एका जॅमच्या रिकाम्या बरणीत भरली, झाकण लावलं, आणि झाकणावर अंगठ्याने तिचाच एक ठिपका उमटवला. ही त्याची जुनी सवय. कुठलंही काम संपलं की उरलेल्या रंगाची एक बरणी तो गिऱ्हाइकाला देतो, पुढेमागे ओरखडा उठला तर लावायला. नाव-पत्ता काही लिहीत नाही. झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका दिला की त्याला सगळं समजतं. "अक्षर खोटं बोलेल, ठिपका बोलणार नाही," असं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या अंगणात मी बर्फ घेऊन पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं, कोंबडी चुरचुरत होती, आणि थोरले साडू धुरातून अधूनमधून खोकून आपण आहोत असं कळवत होते. दोनहाते खुर्च्या मांडून मोकळा झाला होता. टेबलाच्या कडेला त्याचं भलंमोठं भांडं. मला त्याने बाजूला ओढलं.

"दादा, मुद्दाम बिनदुसऱ्या-हाताचा खाऊन बघा. फरक कळेल."

खाल्ला. रात्रभरात पास्त्याने खरोखरच सगळं पिऊन टाकलं होतं. वास लसणाचा, चव पुठ्ठ्याची. घशातून उतरताना वाटेत दोनदा बसला.

"भयंकर आहे," मी म्हणालो.

"आहे ना?" तो आनंदाने म्हणाला. "आता बघा!" आणि पिशवीतून हिरव्या ठिपक्याची बरणी काढून त्याने झाकण उघडलं. नाक जवळ नेलं. त्याचा चेहरा भुवईवरच्या चुन्यासारखा पांढरा पडला.

"दादा, हा दातवाल्यांचा रंग आहे."

सकाळी येताना तो एका दंतवैद्याकडे बरणी देऊन आला होता. त्यांच्या दवाखान्याची बाहेरची खोली त्याने नुकतीच रंगवली होती. रंग फिकट हिरवा. बरणी जॅमचीच. झाकणावर ठिपका हिरवा. ठिपका खोटं बोलला नव्हता, एवढंच की दोन्ही ठिपके एकच बोलले होते.

"कोंबडी झाली हो!" धुरातून आवाज आला.

"चला, प्लेटा घ्या सगळ्यांनी," अक्का म्हणाली आणि फ्रीजच्या दिशेने वळली.

दोनहात्याच्या बायकोने आमच्याकडे पाहिलं, उघड्या बरणीकडे पाहिलं आणि क्षणात सगळं ओळखलं. तिने टेबलावरच्या सगळ्या प्लेटा उचलल्या. "अक्का, या धुवून घेते गं."

"अगं, धुतलेल्याच आहेत."

"एकदाच धुतल्यात!" असं म्हणत ती नळाकडे पळाली. नवऱ्याचा सिद्धांत तिने आयुष्यात प्रथमच मान्य केला होता.

आम्ही व्हॅनमध्ये उड्या मारल्या. मागे डबे, शिड्या, रोलर सगळे एकमेकांवर आदळत होते. दवाखाना जवळच होता, पण वाटेतला सिग्नल मुक्कामाला आलेल्या चुलतभावासारखा हलायलाच तयार नव्हता.

"त्यांनी लावली असेल का हो भिंतीला?" दोनहाते स्टिअरिंगवर बोटं आपटत म्हणाला.

"आजच कशाला लावतील? सुट्टीचा दिवस आहे."

"सुट्टीच्या दिवशीच लावतात दादा! लोकांना माझी कामं करायला सुट्टीच मिळते."

दंतवैद्य दारातच भेटले. बनियनवर, हातात बारका ब्रश. गृहस्थ प्रसन्न. "अरे या या! छान आहे तुमचा रंग. मुलांच्या बुटांचा ओरखडा होता ना खुर्चीमागे, गायब! वास जरा वेगळा आला. म्हटलं हल्ली नैसर्गिक रंग निघालेत, त्यातला असेल."

खुर्चीमागच्या भिंतीवर तळहाताएवढा तेलकट पट्टा चमकत होता. त्यात पुदिन्याचं एक पान स्पष्ट दिसत होतं.

"साहेब, बरणी!" दोनहाते कळवळून म्हणाला. "बरणीत ब्रश बुडवलात का?"

दंतवैद्य दुखावले. "मी? मूळ बाटलीत हत्यार कधी बुडवत नाही हो मी. वाटीत थोडं ओतून घेतलं." आणि त्यांनी बरणी पुढे केली. जवळजवळ भरलेली, झाकण घट्ट, आत एक ब्रशचा केससुद्धा नाही. मला त्या माणसाकडून सगळे दात काढून घ्यावेसे वाटले.

"चल!" मी दोनहात्याचा दंड धरला. तो हलला नाही. भिंतीकडे बघत उभा.

"दादा, तेल मुरलं की वर रंग धरत नाही. फुगा येतो."

"अरे उद्या ये! अक्का बटाटे काढतेय तिकडे!"

"माझी भिंत आहे हो ती."

बघा, वर्षभर ज्याची वाट पाहिली ते भांडं तिकडे उन्हात बसलेलं, आणि हा इकडे चटणी लागलेल्या भिंतीपाशी! त्याला ओढणं म्हणजे कपाट ओढणं. शेवटी त्याने दंतवैद्यांना विचारलं, "साहेब, तेल शोषेल असं काही पांढरं पीठ आहे का?"

"दातांचे साचे करायची पावडर आहे."

"द्या!"

फडक्याने पट्टा टिपून त्याने त्यावर मूठभर पावडर दाबली. वरून कागद, कागदावर निळी पट्टी. लहान मुलाच्या गुडघ्यावर मलम लावून बांधावं तसं. "आता ही ओढून घेईल तेल. संध्याकाळी येऊन दोन हात देतो. चला!"

"पण ते होतं काय?" दंतवैद्यांनी वाटीत बोट बुडवून चाखलं. मग पुन्हा चाखलं. "थांबा जरा, मी शर्ट घालतो. मीपण येतो."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणातलं दृश्य असं: सगळे नातेवाईक रिकाम्या हातांनी उभे, कोंबडी निवत चाललेली, दोनहात्याची बायको नळापाशी तीच ती प्लेट घासतेय, आणि अक्का बटाट्याच्या भांड्याच्या झाकणाला हात घालून उभी.

"आलो, आलो!" दोनहाते फाटकातूनच ओरडला.

चटणीची बरणी भांड्यात उपडी झाली. टोमॅटो, काकडी, काळपट भाजलेल्या मिरच्या, चीजचे चुरे, वरून एक लिंबू. बाह्या वर करून तो दोन्ही हातांनी खालून वर, खालून वर ढवळू लागला, आणि तो पुठ्ठा डोळ्यांदेखत जिवंत झाला! प्रत्येक स्क्रूच्या आट्यात हिरवं चमकायला लागलं. वास सुटला. थोरले साडू चक्क धुरातून बाहेर आले. त्यांनी मिशी ठेवलीय, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिली प्लेट दंतवैद्यांनी घेतली, न विचारता. मग रांग लागली. थंड, आंबटसर, लसणाचा झटका, मध्येच मिरचीचा धूर. मी तीनदा वाढून घेतलं आणि चौथ्यांदा बायकोच्या प्लेटमधून. सगळे खात होते, पण दोनहाते मात्र डाव हातात धरून फक्त अक्काकडे बघत होता.

अक्काने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग तिने बटाट्याच्या भांड्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि ते भांडं आत ठेवून आली. बाहेर येऊन पास्त्याच्या भांड्याची कड चमच्याने खरवडू लागली.

"जावईबापू," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी खुर्च्यांचं काय करायचं?"

दोनहात्याचा चेहरा पडला. "आणतो ना अक्का. मीच आणतो."

"असं कसं? तुम्ही हे ढवळत बसणार. एका माणसाने दोन-दोन कामं कुठे करायची?" चमचा चाटून तिने अंगणभर नजर फिरवली. ती नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

मी तेव्हा एका पालथ्या रंगाच्या डब्यावर बसलो होतो, कारण माझ्या खुर्चीवर दंतवैद्य बसले होते.

"दादा, व्हॅन मी देईन," दोनहाते माझ्या कानाशी येऊन मायेने म्हणाला. त्याच्या भुवईवर पुदिन्याचं पान होतं. "फक्त खुर्च्या पुसाल तेव्हा दोनदा पुसा."