प्रमुख उपस्थितीची पॅकिंग

आमच्या होडीचं इंजिन दिवसाला कपभर तेल गाळायचं, आणि त्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती. ते मूळचं विहिरीवरचं. गोदावरीवरच्या धरणाचा फुगवटा आमच्या रानात शिरला, तेव्हा थोरल्या दादांनी ते होडीवर चढवलं. खाली एक पत्र्याचा डबा असे. तेल डब्यात पडायचं, आम्ही ते पुन्हा इंजिनात ओतायचो. संसार सुखाचा होता.

मग दादांच्या मुलीला, शीतलला, पलीकडच्या काठावरचं स्थळ आलं. पुलावरून यायचं तर मोठा वळसा. दादा म्हणाले, पाहुणे होडीतून आणू, उमापुरात आजवर कुणी आणले नसतील. होडीत गालिचा आला, खुर्च्या आल्या, टोकाला झेंडूचा हार लागला. होडी एखाद्या उद्घाटनाला निघाल्यासारखी दिसू लागली! त्या थाटात फक्त डबा बसेना.

"मास्तर, तेवढं गळणं थांबवा," दादा मला म्हणाले. "लई चांगलं स्थळ हाय. डबा बघून माघारी जायचे."

(मी निवृत्त शिक्षक. ज्याला वाचता येतं त्याला काहीही दुरुस्त करता येतं, असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवला आहे.)

तलवाड्याच्या रशीदमिस्त्रींना फोन लावला. ते त्या दिवशी आष्टीला गेले होते. मी रोग सांगितला, त्यांनी शांतपणे ऐकला.

"मास्तर, ही गळती न्हाई, आदत हाय. डबा ऱ्हाऊ द्या, आन तुमी लांब ऱ्हावा."

सल्ला उत्तम होता, पण तोवर मी इंजिनाचं बाजूचं झाकण खोललं होतं. आतली तेल अडवणारी पॅकिंग कुजून गेलेली. आमच्याकडे अशी पॅकिंग जाड पुठ्ठ्याची कापतात. घरात सगळ्यात जाड काय, तर एका पुढाऱ्याच्या सत्काराची पत्रिका! गुळगुळीत, चकचकीत, सोनेरी काठाची, आणि प्रमुख उपस्थितीत एकेचाळीस नावं. इतकी माणसं मिळून एक थेंब तरी अडवतील, असं मला वाटलं. मी कात्री चालवली. एक बोल्ट थेट सत्कारमूर्तींच्या मिशीतून गेला.

इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, थेंब नाही! दादांनी माझी पाठ थोपटली. मी डबा काठावर भिरकावून दिला आणि इंजिनाशेजारी ऐटीत बसलो.

जाताना सगळं ठीक. पलीकडून मुलगा, त्याचे वडील आणि मामा चढले, तिघंही कडक पांढऱ्या कपड्यांत. मी त्यांना गळती कशी थांबवली ते सविस्तर सांगू लागलो. आमचा काठ शंभरेक हातांवर आला, तेवढ्यात तापलेल्या पत्रिकेचा चकचकीतपणा वितळला आणि एकेचाळीस प्रमुख पाहुण्यांनी एकदम सभात्याग केला. तेलाची पिचकारी मुलाच्या वडिलांच्या छातीवर, उरलेली मामांच्या टोपीवर! दादांनी इंजिन बंद केलं. होडी हारासकट हळूहळू खाली वाहू लागली.

मग मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "तुमी शाळेत काय शिकवायचे?"

"इतिहास."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले आणि रुमालाने छाती पुसू लागले.

दादांनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

इतक्यात काठावरून थर्माकोलचा एक तराफा निघाला. आमच्याकडचे मासेमार जाळं टाकायला वापरतात, तसला. त्यावर नव्या साडीचा पदर खोचलेली शीतल! (तिने त्या वेळी डोक्यावर पदर घेऊन पोह्यांचं ताट धरून उभं राहायचं ठरलं होतं.) तिच्या हातात जाड दोर, त्याचं दुसरं टोक काठावरच्या ट्रॅक्टरला.

"काका, तुमी बसूनच ऱ्हावा," ती ओरडली आणि दोर फेकला. मी हात पुढे करण्याआधीच मुलाने तो झेलला, होडीला गाठ मारली आणि तिच्याकडे बघतच राहिला. ट्रॅक्टरने होडी, पाहुणे, गालिचा असं सगळं काठाला ओढून आणलं.

चहाच्या आधीच मुलाकडून होकार आला. शीतलही नाही म्हणाली नाही. त्याच दुपारी लग्नाच्या देण्याघेण्याच्या याद्या करायला बसलो. मुलाच्या वडिलांनी हुंडा नको, मानपान नको म्हणून सांगितलं. अट एकच: वऱ्हाडाच्या गाडीला, मांडवातल्या जनरेटरला किंवा आचाऱ्याच्या मिक्सरला मुलीच्या काकांनी हात लावू नये. दादांनी आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस न करता मान्य केलं.

घरात अक्षर माझं चांगलं, म्हणून याद्या मीच लिहिल्या. ते कलम ठळक काढलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सहीही केली.