चित्ता भांडला नाही

चित्त्याने हरीण पाडलं, पण तो लगेच खायला लागला नाही. शेजारी बसून धापा टाकत राहिला. "श्वास जागेवर येईपर्यंत त्याला खाता येत नाही," आमचा केनियन ड्रायव्हर हळूच म्हणाला. तेवढ्यात गवतातून एक तरस आरामात चालत आलं आणि हरीण ओढू लागलं. चित्ता मुकाट उठून बाजूला झाला.

मी जीपमध्ये उभा राहून ओरडलो, "अरे, धर की त्याला!"

"खाली बसा हो," बायको म्हणाली. "ते तरस आहे, तुमचा भाऊ नाही."

धावणारा दमतो, टपून बसलेला मात्र ताजातवाना असतो. घासाघीस करकरून मी फरशीचं दुकान शून्यातून उभं केलं. बायपासनंतर तीन महिने अंथरुणावर होतो, तेवढ्यात "दादा, तू आराम कर" म्हणत धाकट्याने ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. अकरा वर्षं कोर्टात भांडतोय.

"हा का भांडत नाही?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"पाय दुखावला तर उद्या धावणार कसा?"

चित्ता एव्हाना टेकाडावर चढून दुसरा कळप न्याहाळत होता. मला त्याचा भयंकर राग आला. अकरा वर्षांत मी दोन दुकानं सहज टाकली असती. टाकलं एकही नाही. तारीख मात्र एकही चुकवली नाही.

"पुढच्या तारखेला जाणार?" बायकोने विचारलं.

"जाणार," मी म्हणालो. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.