मावशीची प्रार्थना आणि कर्णा

कर्णा बंद करायला गेलो आणि भलतंच बटण पिरगाळून आवाज वाढवून बसलो. यंत्रांशी माझं पहिल्यापासून वाकडं. संप चालू होता. मावशी इस्पितळाच्या फाटकाशी डोळे मिटून बसली होती आणि माइक नेमका तिच्या पुढ्यात. ती भाषण करत नव्हती, पुटपुटत देवाशी बोलत होती. ते अख्ख्या रस्त्याने ऐकलं.

"देवा, सुपरिंटेंडेंटचा मला फार राग येतो. तेवढा कमी कर. नाहीच जमलं तर हातमोजे मिळेपर्यंत राहू दे."

लोक आधी हसले, मग काहींनी हात जोडले. फाटकावरच्या पोलिसाने टोपी काढली.

मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. रोग्यांच्या चादरी उघड्या हातांनी निवडायची. बोटांवरचं पुरळ कधी हटलंच नाही. देवाला चादरींपेक्षा चादरी धुणाऱ्यांची काळजी जास्त, हे तिचं साधं मत. ती जायची त्या प्रार्थनासभेतली मोठी माणसं सांगायची, देवाला राजकारणात ओढू नकोस. आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला तर देवाचीच अ‍ॅलर्जी. "मावशी, त्याला घरी बसू द्या, आम्ही आहोत ना," तो म्हणायचा.

"घरी बसणाऱ्यातला असता तर मी तरी कशाला आले असते?" मावशी म्हणायची.

त्या दिवसानंतर सेक्रेटरी अचानक आस्तिक झाला. "मावशी, कालच्यासारखी प्रार्थना होऊन जाऊ द्या. ते रागाचं वाक्य मात्र ठेवा हं, लोकांना आवडलं."

"अरे, ते माझं आणि त्याचं बोलणं आहे," मावशी म्हणाली.

"एकदाच गं. बाकीच्या बायकांच्या हातांकडे बघ," मी म्हणालो. असली वाक्यं मला छान जमायची. मावशीने बघितलं आणि माइक जवळ ओढला.

हातमोजे मिळाले. मग नर्सेसचा संप आला, मग बसवाल्यांचा, मग पाण्याचा मोर्चा. कुठेही आधी मावशीची प्रार्थना, मग बाकीच्यांचा आरडाओरडा. पुढे युनियनच्या पार्टीने तिला महापालिकेच्या निवडणुकीला उभं केलं, ती निवडूनही आली. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं, धुलाईघरात खिडक्या बसल्या. उगाच खोटं कशाला बोलू, कामं झाली.

एकदा तिच्याकडे गेलो तर ती स्वयंपाकघरात प्रार्थनेला बसलेली. मी दारातच थांबलो. "देवा, या शहरातल्या कष्टकरी बहिणींना..." एवढं म्हणून ती थांबली. सभेत इथे लोक "हो" म्हणतात. घरात नळ तेवढा ठिबकत होता. मावशीचे डोळे उघडले. ती उठली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच.

त्यानंतर तिने निवडणूक लढवली नाही. सेक्रेटरी समजूत घालून दमला, मी तर घसा बसेपर्यंत बोललो. आता ती निवृत्त आहे. परवा तिच्याकडे चहा पीत बसलो होतो. पुरळ गेलं होतं, हात मऊ झाले होते. हेच तर हवं होतं, असं मनाला समजावत मी धीर करून विचारलं, "मावशी, रोज प्रार्थनेला बसतेस ना अजून?"

"बसते रे, पण तोंड उघडलं की भाषणच होतं."