राखणदाराला तेल

साध्या तापाचं निमित्त झालं आणि भाऊ गेला. मागे घरात उरलो आई, मी आणि राखणदार. राखणदार म्हणजे त्याने जुन्या कॉम्प्युटरचा बनवलेला फायरवॉल. बाहेरचं इंटरनेट आधी त्या पेटीत शिरतं, तपासलं जातं, मग घरात येतं. आमच्याकडे चोरण्यासारखं काय होतं देव जाणे, पण "गावाला राखणदार असतो, मग घराला नको?" असं म्हणून तो हसायचा.

थंडी पडली आणि राखणदार रुसला. सकाळी माझी ऑफिसची मीटिंग सुरू झाली की नेट जायचं, यायचं, पुन्हा जायचं. ऊन तापलं की गुमान चालायचं. मी घरूनच काम करते. हे असंच राहिलं असतं तर आईला एकटी टाकून मला पनवेलचं ऑफिस गाठावं लागलं असतं. बोर्लीहून नेटवाला आला. त्याची लाइन ठणठणीत होती. "ताई, दोष या डब्यात हाय. भंगारात टाका, छोटा राउटर बसवतो."

"त्याला हात न्हाय लावायचा," आई आतून म्हणाली. पेटीच्या पंख्याची घरघर ऐकली की तो खोलीत बसलाय असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं.

मग मीच कंबर कसली. केबल बदलली, दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. पेटीला स्क्रीन जोडून नोंदी पाहिल्या. लिंक गेली, लिंक आली, तीच रड. शेवटी पेटी भिंतीपासून ओढली आणि मागे टॉर्च मारला. केबलच्या सॉकेटात पांढरं काहीतरी साचलं होतं. मला वाटलं मीठ, कारण आमचा खारा वारा कशालाच सोडत नाही. बोटावर घेतलं तर विरघळलं. वास खोबरेल तेलाचा होता.

आमच्याकडे कोयता, विळी, कुलूप, कडी, लोखंड दिसलं की तेलाचं फडकं फिरतंच. दिवा लावून झाला की आई त्याच फडक्याने पेटीही पुसत होती, मागच्या भोकांतल्या पिनांसकट. सकाळच्या गारठ्यात तेल थिजायचं आणि संपर्क तुटायचा. मला आधी हसू आलं, मग इतकं रडू आलं की भिंतीला टेकून खालीच बसले.

आई दारात उभी होती. "मीच बंद पाडत व्हते काय गं?"

"व्हय," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही.

"तो व्हता तवा तोच पुसायचा. आता कोन पुसनार?"

मी स्पिरिटने सॉकेट साफ केलं. नेट टिकलं. आई मात्र पेटीच्या वाऱ्याला उभी राहीना. काही दिवसांनी पेटीच्या कोपऱ्यावर तांबूस ठिपके दिसले, तेव्हा मी तेलाची वाटी आणि फडकं तिच्या हातात दिलं. "वरून पूस. मागं न्हाय."

तिने सावकाश सगळे कोपरे पुसले. "लोखंड तेलानं ऱ्हातं," ती म्हणाली. "पोराला मी काय कमी तेल चोळलं व्हतं गं?"

तो गेल्यापासून तिच्या स्वतःच्या केसांना तेलाचं बोट लागलं नव्हतं. मी तिला खाली बसवलं आणि वाटीत उरलेलं तेल तिच्या डोक्यावर घातलं. तिने मान पुढे केली.